संत्र्याच्या बागेतले सेन्सर, कळमन्याच्या वाटेवरच्या गाड्या आणि एओडीव्ही

प्रश्न नागपुरातल्या एका एम.टेक.च्या विद्यार्थ्याचा आहे. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत मातीतला ओलावा मोजणारे ४० सेन्सर, आणि तिथून कळमना मार्केटला माल नेणाऱ्या पिकअप गाड्यांवर तापमान व जीपीएसचे नोड (रेडिओ असलेली छोटी यंत्रं). या सगळ्यांचं मिळून एकच अ‍ॅडहॉक नेटवर्क, म्हणजे मध्यवर्ती टॉवर नसलेलं, रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, राउटिंगला, म्हणजे पॅकेटची वाट ठरवायला, एओडीव्ही हा गरज पडेल तेव्हा मार्ग शोधणारा प्रोटोकॉल. एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये जवळजवळ सगळी पॅकेट पोचतात. बागेत निम्मीही पोचत नाहीत आणि बॅटऱ्या आठवड्याच्या आत बसतात. कोणता प्रोटोकॉल घ्यावा आणि टोपॉलॉजी, म्हणजे कोण कुणाशी जोडलंय ती रचना, कशी सांभाळावी, असं त्यांनी विचारलं आहे.

एओडीव्ही काढून त्या जागी ओएलएसआर किंवा डीएसआर यांसारखं दुसरं राउटिंग घातलंत तरी आकडे फारसे हलणार नाहीत, हे आधी सांगून टाकतो. तुम्ही दोन वेगळ्या जातीची नेटवर्क एकत्र बांधली आहेत. दोन्हीकडे तार नाही, दोन्हीकडे नोड एकमेकांमार्फत बोलतात, म्हणून पुस्तकात ती लागोपाठच्या प्रकरणांत येतात एवढंच. बागेतली लिंक महिनोन्‌महिने टिकते, पण तिथे विजेची मारामार असते. रस्त्यावरची लिंक काही सेकंद टिकते, पण गाडीला विजेची ददात नाही. मी कुठलंही नेटवर्क आखायला बसलो की आधी दोनच आकडे काढतो: लिंक किती वेळ टिकते, आणि ती सापडायला, वापरायला व तुटल्याचं कळायला प्रोटोकॉलला किती वेळ लागतो. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ आले की तो प्रोटोकॉल तिथे चालत नाही. पहिला दुसऱ्याच्या हजारो पट असेल, तर प्रोटोकॉल स्थिर गोष्टीची पुन्हापुन्हा चौकशी करत बसतो आणि बॅटरी फुकट जाते. तुमच्या प्रकल्पात दोन्ही दुखणी एकाच वेळी आहेत.

एओडीव्हीची व्याख्या आरएफसी ३५६१ या इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात आहे, जुलै २००३ ची. त्यातली मूळ मूल्यं काढून बघा. वापरात असलेला मार्ग ३ सेकंद वापरला गेला नाही की बाद. शेजाऱ्यांना 'मी आहे' सांगणारा हॅलो संदेश दर सेकंदाला, आणि दोन हॅलो चुकले की शेजारी गेला असं समजायचं. तुमचा सेन्सर बोलतो दर १५ मिनिटांनी. म्हणजे प्रत्येक नोंदीच्या वेळी आधीचा मार्ग कधीच बाद झालेला असतो आणि नव्याने विचारणा सुटते. ती विचारणा ऐकणारा प्रत्येक नोड ती पुढे ओरडून सांगतो. थोड्या टप्प्यापासून सुरुवात करून शोध वाढवत नेण्याची सोय एओडीव्हीत आहे, पण गेटवे (बागेची माहिती गोळा करून बाहेर पाठवणारा नोड) तीन-चार हॉपवर, म्हणजे नोड-ते-नोड उड्यांवर, असला की शेवटी अख्खी बाग त्यात ओढली जातेच. १२ बाइटची एक नोंद पोचवायला चाळीसेक प्रसारणं, आणि अशा नोंदी चाळीस नोडच्या. तुमच्याकडे हरवणारी बरीचशी पॅकेट ओलाव्याची नाहीत, मार्ग विचारणारी आहेत. ती एकमेकांवर आदळतात.

बॅटरीचं गणितही इथेच दडलंय. ८०२.१५.४ या कमी विजेच्या रेडिओ मानकाच्या जुन्या चिपचा रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी २० मिलिअँपिअरच्या आसपास करंट खातो. पाठवायला लागणारा करंटही साधारण तितकाच. दोन एए सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरा. १२५ तास, म्हणजे जेमतेम पाच दिवस. एओडीव्हीची विचारणा कधी येईल याचा नेम नसल्यामुळे नोडला झोपताच येत नाही. रेडिओ शंभरातला एकच भाग वेळ जागा ठेवता आला तर हेच सेल कागदावर पाचशे दिवस जातात. सेन्सर नेटवर्कमध्ये राउटिंगइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व कोण कधी झोपतं याला असतं. तुमच्या अहवालात त्याचा उल्लेख कुठेच नाही.

आता बाग. ४० नोड, दोन-तीन एकर, सगळे एका जागी खिळलेले, सगळ्यांना एकाच ठिकाणी माहिती द्यायची. इथे मेश, म्हणजे एका नोडने दुसऱ्यामार्फत बोलणं, कशाला? लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओवर साधा स्टार करा, म्हणजे प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलेल. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे आणि लोरावॅन या लोरावरच्या नेटवर्क प्रोटोकॉलचा आयएन८६५ आराखडा त्यातच बसतो. मोड्युल सहज मिळतात. १२ बाइटची नोंद, वर प्रोटोकॉलचे १३ बाइट. स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा तितकी रेंज जास्त आणि वेग कमी) ७ वर हे पॅकेट हवेत साधारण ६२ मिलिसेकंद राहतं. तासाला १६० पॅकेट म्हणजे दहा सेकंद. चॅनेल पाव टक्क्याच्या थोडंसं वर व्यापला. सगळे एकाच चॅनेलवर धरले आणि कुणी कुणाला विचारून बोलत नाही असं मानलं, तरी टकरीत जाणारी पॅकेट शेकड्याला एकही भरत नाहीत.

पण हाच सेन्सर कुणीतरी 'रेंज जास्त मिळते' म्हणून डोळे झाकून स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर टाकतो. तेच पॅकेट मग हवेत जवळपास दीड सेकंद राहतं, चोवीस पट. चॅनेल साडेसहा टक्के भरतो आणि आठातलं एक पॅकेट टकरीत जातं. शेजारच्या दोन बागांनी तेच केलं की संपलं. लोरात टोपॉलॉजी सांभाळायची म्हणजे मुख्यतः ही फॅक्टरची वाटणी सांभाळायची: जवळच्यांना ७, लांबच्या दोन-चारांना ९ किंवा १०, आणि १२ अगदीच नाइलाज झाला तर. सर्व्हर हे आपोआप करतो, पण त्यात एक मेख आहे. तो शिकतो मे महिन्याच्या कोरड्या हवेत आणि फसतो जुलैत, पानं ओली झाल्यावर. मार्जिन दहा-पंधरा डेसिबलने वाढवून ठेवा. गाडीवरच्या नोडला मात्र ही आपोआप जुळवणी पूर्ण बंद. तो जागा बदलत असताना सर्व्हर मागच्या जागेचा हिशेब लावत बसतो.

झाडं रेडिओ किती खातात याचा अंदाज वाइसबर्गरच्या सूत्राने येतो. ५० मीटर झाडीतून जाताना २.४ गिगाहर्ट्झला साधारण १७ डेसिबल, ८६६ मेगाहर्ट्झला १३. फरक चारच डेसिबलचा दिसतो, आणि निव्वळ पट्टा बदलून चमत्कार होत नाही हे खरं. खरा फरक रिसीव्हरच्या कानात आहे. फॅक्टर ७ वरचा लोरा सुमारे उणे १२३ डीबीएमपर्यंत (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, जितकं उणे तितका सिग्नल क्षीण) ऐकतो, तुमची २.४ ची चिप उणे ९५ च्या आसपास. अठ्ठावीस डेसिबल. बागेतल्या झाडीचा सगळा फटका यात जिरतो.

अँटेना कुठे बसवायचा? एक किलोमीटरच्या लिंकवर ८६६ मेगाहर्ट्झला मधोमध फ्रेनेल पट्ट्याची, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेची, त्रिज्या नऊ मीटरच्या वर जाते, आणि त्यातला साठ टक्के भाग मोकळा असावा असा संकेत आहे. चार-पाच मीटर उंचीच्या संत्र्याच्या झाडांमध्ये जमिनीलगतच्या सेन्सरला हे शक्यच नाही. म्हणून गेटवेचा अँटेना उंच न्या, शेतघराच्या छतावर पाइप लावून दहा मीटर, आणि सेन्सरचा अँटेना निदान खोडाच्या फाट्याच्या वर काढा. ओलाव्याचा प्रोब काळ्या मातीत राहतो, रेडिओ नाही. बरेच जण सगळा डबाच मातीत पुरतात. पहिल्या पाण्याच्या पाळीपर्यंत ठीक चालतं, मग माती भिजते आणि नोड गायब.

गेटवे मोटारपंपाच्या पेटीजवळ ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे वीज दिसते. शेतीच्या फीडरची वीज ठराविक तासच असते, तीही कधी रात्री. त्यामुळे सौर पॅनल आणि बॅटरी हवीच.

ठिबकचे व्हॉल्व्ह याच नेटवर्कवरून उघडायचा विचार प्रश्नात ओझरता आला आहे. उघडा खुशाल, पण बंद करण्याचं काम नेटवर्कच्या भरवशावर सोडू नका. लोरावॅनच्या क्लास ए नोडला संदेश तो स्वतः बोलल्यानंतरच ऐकू येतो. म्हणजे तुमचा 'बंद' हा हुकूम पंधरा मिनिटं सर्व्हरवरच पडून राहील, आणि हरवला तर आणखी पंधरा. व्हॉल्व्हच्या नोडमध्ये स्थानिक टायमर ठेवा: उघडताना मुदत सांगायची, ती संपली की नोडने कुणाला न विचारता बंद करायचं. चालू ठेवायचं असेल तर सर्व्हरने पुन्हा सांगावं. संत्र्याला ताण दिलेला (फुलोरा यावा म्हणून पाणी तोडलेलं) असताना रात्रभर व्हॉल्व्ह उघडा राहिला तर बहाराचं काय होतं ते तुमच्या बागायतदाराला विचारा.

मेश लागतच नाही असं नाही. बाग टेकाडाच्या दोन बाजूंना असेल, किंवा दर मिनिटाला नोंद हवी असेल, तर ८०२.१५.४ वर आरपीएल हा सेन्सर नेटवर्कचा राउटिंग प्रोटोकॉल घ्या. आरएफसी ६५५०, मार्च २०१२. ते गेटवेकडे उतरणारं झाड बांधतं आणि प्रत्येक नोडला फक्त आपला पालक माहीत असला की भागतं. त्याची खरी ताकद ट्रिकल टायमरमध्ये आहे. टोपॉलॉजीत काही बदललं नाही तर नियंत्रणाचे संदेश दुप्पट-दुप्पट अंतराने विरळ होत जातात. कॉन्टिकी या सेन्सर नोडच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ सेटिंगमध्ये चार सेकंदांपासून सुरू होऊन साडेसतरा मिनिटांपर्यंत. शिवाय आजूबाजूच्यांनी तीच माहिती पुरेशा वेळा सांगितलेली ऐकली की नोड स्वतःची पाळी सोडून देतो. चावडीवर दोघा-तिघांनी तीच बातमी सांगितल्यावर चौथा गप्प बसतो, तसं. काही बिनसलं की टायमर परत चार सेकंदांवर. बागेसारख्या, बहुतेक वेळ शांत आणि क्वचित बिघडणाऱ्या नेटवर्कला हे चपखल बसतं.

आरपीएलमध्ये दोन गोष्टी मात्र हाताने सांभाळाव्या लागतात. पालक बदलण्याचा उंबरठा सैल ठेवलात तर नोड दिवसभर दोन पालकांमध्ये हिंदकळत राहतात, कारण सकाळी, भर दुपारी आणि पाणी दिल्यावर सिग्नल वेगवेगळा असतो. आरएफसी ६७१९ मध्ये हा उंबरठा दीड ईटीएक्स (एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं त्याचं माप) सुचवला आहे. तो ठेवा, कमी करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे गेटवेच्या लगतचे नोड. सगळ्या बागेची वाहतूक त्यांच्यावरून जाते आणि ते सगळ्यांत आधी मरतात. ते मेले की मागचे चांगले नोडही मुके होतात. यावर हुशार अल्गोरिदम शोधत बसण्यापेक्षा त्या चार-पाच नोडना मोठं पॅनल द्या, किंवा दुसरा गेटवे लावा. प्रबंधात लीचचं, म्हणजे गट पाडून नोडना पाळीपाळीने प्रमुख करणाऱ्या प्रोटोकॉलचं, नाव घालावंसं वाटेल. २००० सालचा तो शोधनिबंध वाचण्यासारखा आहे. पण त्यात प्रमुख झालेला कुठलाही नोड थेट बेस स्टेशनपर्यंत पोचतो असं गृहीत आहे. तुमच्या बागेत २.४ वर ते होत नाही, म्हणून तर तुम्ही मेशकडे आलात.

टीएससीएच, म्हणजे वेळेचे कप्पे पाडून आणि चॅनेल बदलत बोलण्याची पद्धत, ८०२.१५.४ ई मध्ये २०१२ साली आली. कागदावर ती सगळ्यात सुंदर आहे. प्रत्येकाला आपला कप्पा माहीत, बाकी वेळ झोप. पण ती घड्याळावर जगते आणि आपलं घड्याळ विदर्भातल्या उन्हात असतं. नोडमधला ३२ किलोहर्ट्झचा साधा क्रिस्टल २५ अंशांना बरोबर चालतो. तिथून जितके अंश दूर जाल त्याच्या वर्गाला ०.०३४ ने गुणा, तितके पीपीएम (दहा लाखांतले भाग) तो मागे पडतो. नवतप्यात उन्हातल्या काळ्या डब्याच्या आत ६५ अंश सहज होतात: ४० चा वर्ग १६००, म्हणजे ५४ पीपीएम. सावलीतला त्याचा पालक ४० अंशांवर असतो: ८ पीपीएम. दोघांत सेकंदाला ४६ मायक्रोसेकंदांचा फरक. कप्प्याची सवलत साधारण एक मिलिसेकंद असते, ती वीस-बावीस सेकंदांत खलास. वेळ जुळवण्याचा संदेश मिनिटाने येत असेल तर भर दुपारी नोड गळतात आणि संध्याकाळी आपोआप परत येतात. दुपारी बारा ते चार पॅकेट गायब अशी तक्रार आली की मी आधी डब्याचा रंग विचारतो. पांढरा डबा, फांदीची सावली, तापमान भरून काढणारा क्रिस्टल, किंवा वेळ जुळवणी वाढवणे, यातलं जे परवडेल ते करा. पहिले दोन तर जवळजवळ फुकट आहेत.

आता गाड्या. पिकअपने बागेतली माहिती उचलून न्यावी, ही तुमची कल्पना चांगली आहे आणि तिला परंपराही आहे. डाकनेट नावाच्या प्रयोगात कर्नाटकातल्या दोड्डबल्लापूर तालुक्यात बसवर वाय-फाय बसवून गावोगावची माहिती वाहिली होती. त्यावरचा लेख २००४ चा. पण तिला सलग नेटवर्क समजून वर एओडीव्ही टाकू नका. हे साठवा, वाहा आणि सोडा असं काम आहे. तिथे मार्ग नावाची गोष्ट नसते, भेटी असतात.

भेटीचा हिशेब करून दाखवतो. बागेशेजारच्या रस्त्याने पिकअप ताशी ३० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. भरवशाची रेंज दोन्ही बाजूंना ८० मीटर धरली तर भेट १९ सेकंदांची. दिवसभराच्या नोंदी ४० गुणिले ९६ गुणिले १२ बाइट, म्हणजे ४६ किलोबाइट. ८०२.१५.४ चा वेग नावाला २५० किलोबिट. हातात येणारा १०० धरा. चार सेकंदांत काम होतं. उरलेले पंधरा सेकंद एकमेकांना ओळखण्यात गेले तरी चालेल, पण त्यासाठी नियम उलटा हवा. वीज गाडीकडे आहे, तर बोलत राहण्याचं काम गाडीचं: दर वीस मिलिसेकंदांनी हाक. बागेतल्या संकलकाने, म्हणजे सगळ्या नोंदी जमा करणाऱ्या नोडने, सेकंदातून एकदा पंचवीस मिलिसेकंद कान द्यायचा. सरासरी अर्धा मिलिअँपिअर. छोटं पॅनल पुरतं. तुमच्या मांडणीत नेमकं उलटं आहे. सेन्सर हॅलो ओरडतात आणि गाडी ऐकते.

पण खरं सांगायचं तर या १९ सेकंदांवर एवढा जीव टाकण्याचं कारण नाही. माल भरताना गाडी बागेतच तासभर उभी असते. भेट तेव्हा घ्या. मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती रेडिओची नाही. आंबिया बहारासाठी ताण डिसेंबर-जानेवारीत देतात, मृगासाठी मे महिन्यात. ओलाव्याच्या आकड्यांची खरी गरज त्या आठवड्यांत असते. आणि पिकअप येतात तोडणीच्या वेळी: आंबियाची ऑक्टोबरपासून पुढे, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. मे महिन्यात बागेत माल न्यायला कोण येणार आहे? म्हणजे जेव्हा माहिती लागते तेव्हा वाहक नाही. गाडी हा दुय्यम मार्ग ठेवा, मोबाइल सिमचा गेटवे मुख्य.

गाडीला बागेच्या नेटवर्कमध्ये घेताना ती पान म्हणूनच घ्या, फांदी म्हणून कधीच नाही. आरपीएलमध्ये गाडीला इतरांचा पालक होऊ दिलंत तर ती गेटमधून आत येताच चार नोड 'जवळचा पालक मिळाला' म्हणून तिला चिकटतील. ती निघून गेली की ते पोरके, ट्रिकल टायमर परत चार सेकंदांवर, आणि शांत झालेली सगळी बाग पुन्हा बडबडायला लागते. दिवसात अशा चार गाड्या आल्या की ट्रिकलने केलेली बचत धुऊन निघते.

गाडीतल्या मालाबद्दल एक छोटी गोष्ट. तापमानाचा नोड क्रेटच्या थप्पीत मधोमध ठेवलात आणि तो २.४ वर बोलत असेल तर तो ऐकू येणार नाही. संत्र्याच्या फळात बहुतांश पाणीच असतं आणि या पट्ट्याला पाणी आवडत नाही. प्रोब आत, रेडिओ केबिनच्या मागच्या जाळीवर.

गाडी ते गाडी या भागात प्रश्नाचा रोख सुरक्षेकडे असेल तर तिथे राउटिंगच नसतं. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा सेकंदाला दहापर्यंत वेळा हवेत सोडते. ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावं, पोच कुणी देत नाही. असं का, ते समृद्धी महामार्गाच्या आकड्यांवरून कळतं. कारची वेगमर्यादा ताशी १२०. समोरासमोरच्या दोन कार एकमेकींकडे सेकंदाला ६७ मीटरने येतात. ३०० मीटर रेंज धरली तर लिंक नऊ सेकंदांची. साध्या वाय-फायसारखं आधी जोडणी, मग पत्ता असं करत बसलात तर त्यातले बरेच सेकंद ओळखपाळखीत जातात. एओडीव्हीला तर शेजारी गेल्याचं कळायलाच दोन सेकंद लागतात, तेवढ्यात गाड्या १३० मीटर सरकलेल्या. म्हणूनच २०१० च्या ८०२.११ पी या गाड्यांच्या वाय-फाय मानकाने जोडणीची पायरीच उडवली. चॅनेल माहीत असला की थेट बोलायचं. नंतर २०१७ मध्ये थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या चौदाव्या रिलीजने सेल्युलर घराण्यातली पद्धत आणली. त्यात टॉवर नसला तरी गाड्या चॅनेल ऐकून आपापले कप्पे निवडतात. अमेरिकेत २०२० मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची फेरवाटणी झाली, वाहनांसाठी ७५ पैकी वरचे ३० मेगाहर्ट्झ उरले आणि कौल सेल्युलरकडे झुकला. तुमच्या प्रबंधापुरतं दोन्हींचं मूळ दुखणं एकच आहे: गर्दी.

नागपुरात सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात संध्याकाळी सातला काय होतं ते मोजू. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिटवर सुमारे ०.४४ मिलिसेकंद हवेत राहतो. कानाच्या टप्प्यात १०० गाड्या, प्रत्येकी सेकंदाला १० संदेश: चॅनेल ४४ टक्के भरला. २०० गाड्या, आणि बर्डीवर हे जास्त नाही, तर ८८ टक्के. एवढ्या भारावर ऐकून-मग-बोल ही पद्धत कोलमडते, आणि भिंतीआडून येणाऱ्या, एकमेकींना न ऐकणाऱ्या गाड्यांच्या टकरी वेगळ्याच. इथे टोपॉलॉजी सांभाळायची म्हणजे तोंड आवरायचं. युरोपातला नियम मला आवडतो: जागा ४ मीटरने, दिशा ४ अंशांनी किंवा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला तरच नवा संदेश, काहीच बदललं नाही तर सेकंदाला एक. सिग्नलला अडकलेल्या गाड्या त्यामुळे दहावरून एकवर येतात आणि तेच २०० जण नऊ टक्क्यांत बसतात. कुठलाही केंद्रीय नियंत्रक न लागता.

रिकाम्या रस्त्यावर उलटी गत. समृद्धीवर रात्री दोन वाजता अपघात झाला आणि मागे दोन किलोमीटर कुणीच नाही, तर इशारा ऐकायला कोण आहे? समोरच्या बाजूने जाणारी गाडी. तिने तो इशारा उचलायचा, स्वतःला त्याचा उपयोग नसला तरी, आणि पुढे भेटणाऱ्या गाड्यांना देत जायचा. नऊ सेकंदांत दहाच्या गतीने नव्वद संदेश जातात. त्यातला एक पोचला तरी पुरे. गाड्या दाट असतील तर मात्र सगळ्यांनी तोच इशारा पुढे सांगण्याची लाट येते. १९९९ च्या मोबिकॉम परिषदेत याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म हे नाव मिळालं. तोड सोपी आहे. इशारा देणाऱ्यापासून सर्वांत लांबच्या गाडीने सगळ्यात आधी बोलायचं, जवळच्यांनी थांबायचं, आणि तोवर दुसऱ्या कुणी सांगितलेलं ऐकलं की गप्प राहायचं.

जीपीएसवर आधारलेलं राउटिंग, जसं २००० सालचं जीपीएसआर, गाड्यांसाठी एओडीव्हीपेक्षा खूपच बरं. मार्ग साठवायचाच नाही, ठिकाणाच्या जास्त जवळ असलेल्या शेजाऱ्याला पॅकेट द्यायचं. पण वर्धा रोडवर ते एकदा लावून बघा. तिथे खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. पुलावरची कार आणि तिच्या बरोबर खालची बस यांचे अक्षांश-रेखांश एकच. प्रोटोकॉलच्या लेखी त्या खेटून आहेत, प्रत्यक्षात मध्ये काँक्रीटचा स्लॅब. शिवाय पुलाखाली जीपीएसच धड लागत नाही, जागा इकडेतिकडे उड्या मारते. शेजारी नकाशावरून ठरवू नका. गेल्या सेकंदात ज्याचा संदेश खरोखर ऐकू आला तोच शेजारी. उंची आणि रस्त्याचा क्रमांक संदेशात घातला तर आणखी बरं. तुम्हाला प्रबंधाला नागपूरचाच नवा मुद्दा हवा असेल तर हा घ्या. लीचच्या अकराव्या सुधारित आवृत्तीपेक्षा त्यात दम आहे.

जाता जाता, नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात मनपाच्या बसवर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रं बसवली गेली. ती समोरचं दृश्य बघून चालकाला सावध करतात. शेजारच्या गाडीत काहीच बसवलेलं नसलं तरी चालतं. गाडी-ते-गाडी संवादाला हा फायदा नसतो, दोन्हीकडे यंत्र हवंच. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

शेवटी तुमचं सिम्युलेशन. एनएस-३ खोटं बोललं नाही, तुम्ही त्याला झाडं सांगितलीच नाहीत. बागेत जाऊन मोजा. एक नोड क्रमांक टाकलेली पॅकेट सोडत राहील, दुसरा हातात घेऊन ओळीओळीने फिरायचं, प्रत्येक जागी दोनशे पॅकेट. किती आली, सिग्नल किती होता, अँटेना किती उंच, पानं कोरडी की ओली, हे सगळं नोंदवायचं. दोन्ही दिशांनी मोजा. जाताना चांगली आणि येताना बेकार अशा लिंक तुम्हाला भरपूर सापडतील, आणि एओडीव्हीचा हॅलो नेमका त्यांनाच फसतो. मग ते आकडे लॉग-नॉर्मल शॅडोइंगच्या (अडथळ्यांमुळे सिग्नलमध्ये होणारा चढउतार धरणाऱ्या) मॉडेलमध्ये घाला, रेडिओच्या झोपेचं वेळापत्रक घाला, आणि गाड्यांसाठी सरळ रेषा न काढता सुमो या वाहतुकीच्या सिम्युलेटरमधून काटोल रोडची वाहतूक घ्या. हे केल्यावर तुमचा ९०-९५ टक्क्यांचा आकडा पडेल. पडू द्या, बागेतल्या आकड्याशी तो जुळला म्हणजे मॉडेल कामाचं.

मोजणी मृग लागायच्या आधी एकदा आणि पाऊस बसल्यावर एकदा करा. गाईड मेश सोडायला तयार नसतील तर त्याच ४० जागांवर स्टार आणि आरपीएल दोन्ही पंधरा-पंधरा दिवस चालवून, पोचलेली पॅकेट आणि खर्चलेले मिलिअँपिअर-तास शेजारीशेजारी ठेवा. ५.९ गिगाहर्ट्झचे बोर्ड कुठून मिळाले तरी रस्त्यावर चालू करण्याआधी परवान्याचे सध्याचे नियम विभागाकडून लेखी तपासून घ्या. तोवर गाडी-ते-गाडीचा भाग सिम्युलेशनमध्येच राहू दे.